रेझ्युमे टेम्प्लेट विकायचंय? आधी स्वतःच मोडून बघा

रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, उद्या सकाळी इंटरव्ह्यू आहे. तुमच्या फाइलमध्ये माझ्या विद्यापीठाचं नाव टाकलं की खालचं सगळं दुसऱ्या पानावर पळतंय."

पोरगा जळगावचा. विद्यापीठ, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. इंग्रजीत लिहा आणि मोजा, मोकळ्या जागा सोडून ५३ अक्षरं भरतात. माझ्या टेम्प्लेटमध्ये डावीकडे साडेपाच सेंटिमीटरची निळी पट्टी होती आणि शिक्षण त्या पट्टीत. नमुन्यात मी 'मुंबई विद्यापीठ' टाकलं होतं, ते एका ओळीत झकास बसायचं. त्या रात्री दीड तास बसून त्याची फाइल मीच नीट करून दिली. कमाई १४९ रुपये.

रेझ्युमे टेम्प्लेटचा धंदा दिसायला सोपा आहे. फाइल एकदा बनवायची, पुन्हा पुन्हा विकायची, गोदाम नाही, कुरिअर नाही. पण दुसऱ्याचा मजकूर आत पडल्यावर जी फाइल मोडते ती प्रत्येक विक्रीबरोबर एक फोन घेऊन येते. म्हणून या लेखात रंगसंगतीबद्दल कमी आणि मोडतोडीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

पहिलं काम: गिऱ्हाईक ठरवा

"सगळ्यांसाठी मॉडर्न रेझ्युमे" हे वाक्य डोक्यातून काढा. मॉडर्न रेझ्युमे वर्डमध्ये, गूगल डॉक्समध्ये आणि कॅनव्हा या डिझाइनच्या साइटवर फुकट पडलेत, ढिगाने. त्यांच्याशी तुमची स्पर्धा होऊच शकत नाही. पण त्यातले बहुतेक परदेशातल्या ग्राफिक डिझायनरला किंवा मार्केटिंगवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. चाकणच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं लेथ चालवणाऱ्या आयटीआयच्या मुलाला त्यात दहावी कुठे लिहायची, ॲप्रेंटिसशिप कुठे, आणि पाळीत काम करायची तयारी आहे हे कुठे, काही कळत नाही. जीएनएम झालेल्या नर्सला नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक ठळक दाखवायचा असतो. तालुक्याच्या गावी खासगी शाळेत अर्ज करणाऱ्या बीएडवाल्या ताईंना टीईटी, अध्यापनाचे विषय आणि माध्यम हे तिन्ही पहिल्या पानावर हवं असतं. टॅली, एमएस-सीआयटी आणि टायपिंगच्या जोरावर अकाउंट्समध्ये नोकरी शोधणारे बीकॉमवाले तर प्रत्येक गल्लीत आहेत.

यातला एकच गट निवडा. ज्यांच्या कामाबद्दल तुम्हाला घरातून, शेजारून किंवा जुन्या नोकरीतून माहिती आहे, असा. मी सुरुवात सीएनसी आणि व्हीएमसी (तसंच संगणकावर चालणारं दुसरं मशीन) ऑपरेटरपासून केली, कारण माझा मावसभाऊ त्यातच आहे आणि त्याच्या खोलीवर राहणारे चौघेही त्यातलेच.

मग दोन शनिवार गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा डीटीपीवाल्याकडे जाऊन बसा. ओळख काढा, चहा पाजा. लोक काय घेऊन येतात, कुठे अडतात, दुकानदार कुठली जुनी फाइल उघडून नाव बदलून देतो, ते पाहा. दोन शनिवारांत जे कळतं ते महिनाभर इंटरनेट चाळून कळत नाही. शिवाय हाच दुकानदार पुढे तुमचं मोठं गिऱ्हाईक होऊ शकतो. त्याबद्दल खाली लिहिलंय.

विकायचा तो मजकूर

टेम्प्लेट घेणाऱ्याला खरी अडचण रंगाची नसतेच. रिकाम्या चौकटीत काय लिहायचं हे त्याला सुचत नसतं. बहुतेक ऑपरेटरांच्या रेझ्युमेत अनुभवाखाली एकच ओळ असते: 'सीएनसी डिपार्टमेंटमध्ये काम केले.' त्याच मुलाला समोर बसवून विचारलं की तो सांगतो, फॅनुक कंट्रोलच्या मशीनवर होतो, सेटिंग स्वतः करायचो, पहिला नग क्वालिटीकडून पास करून घ्यायचो, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर रोजचं, ऑफसेट द्यायला येतं. मुलाखत घेणाऱ्या सुपरवायझरला नेमकं हेच वाचायचं असतं आणि कागदावर नेमकं हेच नसतं.

म्हणून टेम्प्लेटबरोबर त्या कामाची पंधरा-वीस तयार वाक्यं द्या, इंग्रजीत, आणि प्रत्येकाखाली मराठीत अर्थ. जे वाक्य लागू नाही ते खोडायचं, हे पहिल्याच ओळीत ठळक लिहा. माझी विक्री या वाक्यांमुळेच हलली. फाइलचा रंग तोच, मांडणी तीच.

इथे मी एक घोडचूक केली, ती तुम्ही करू नका. वाक्यं भारदस्त वाटावीत म्हणून मी त्यात आकडे भरले होते. 'रिजेक्शन १८ टक्क्यांनी कमी केले' असं काहीतरी. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने कळवलं, तो आणि त्याचा मित्र एकाच कंपनीत मुलाखतीला गेले आणि दोघांच्या कागदावर तेच १८ टक्के. समोरच्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि काही न बोलता हसला. तेव्हापासून आकड्याच्या जागी मी रिकामा कंस ठेवतो आणि त्याला पिवळा रंग देतो. पिवळं दिसलं की माणूस एक तर भरतो नाही तर काढून टाकतो.

वर्डमध्ये फाइल बांधताना

पहिलं उत्पादन वर्डमध्येच बनवा. गिऱ्हाइकाकडे वर्ड असतं, झेरॉक्सवाल्याकडे असतं, फोनवर वर्डचं ॲप फुकट चालतं, आणि हीच फाइल गूगल डॉक्समध्येही उघडते.

कागद ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. चारही बाजूंना २ सेंटिमीटर समास. मधे १७ सेंटिमीटर रुंदी उरते. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

मजकूर सरळ एका रकान्यात ठेवा. दोन रकाने, टेक्स्ट बॉक्स, टेबल यांनी फाइल देखणी दिसते, पण त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे फोनवर उघडल्यावर बॉक्स इकडेतिकडे सरकतात. दुसरं, नोकरीच्या पोर्टलवर किंवा मोठ्या कंपनीच्या साइटवर रेझ्युमे चढवला की आधी सॉफ्टवेअर तो वाचतं. त्याला एटीएस म्हणतात. ते मजकूर उपसून आपल्या खान्यांत भरतं. रकाने असले की कधी कधी डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकत्र वाचली जाते, आणि 'बीकॉम' च्या पुढे 'पोहणे' येतं. नाव आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. मग उमेदवार निवडला तरी फोन कुठे करणार?

कंपनीचं नाव डावीकडे आणि तारीख उजव्या कडेला हवी असते. त्यासाठी लोक स्पेसबार बडवतात किंवा टेबल घालतात. दोन्ही नको. रूलरवर १७ सेंटिमीटरला उजवा टॅब लावा. कंपनीचं नाव टाइप करा, एकदा टॅब दाबा, तारीख लिहा. नाव कितीही लांब-आखूड झालं तरी तारीख कडेलाच राहते.

प्रत्येक गोष्ट स्टाइलमधून करा. विभागाचं शीर्षक म्हणजे 'हेडिंग १', साधा मजकूर 'नॉर्मल', ठिपक्यांची यादी 'लिस्ट बुलेट'. दोन परिच्छेदांमधली जागा एंटर मारून काढू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये खाली ६ पॉइंट जागा द्या. शीर्षकाला 'कीप विथ नेक्स्ट' लावा, नाही तर 'अनुभव' हा शब्द पहिल्या पानाच्या तळाशी एकटा लोंबकळतो आणि अनुभव दुसऱ्या पानावर. रंग थीममधून द्या, म्हणजे गिऱ्हाईक 'डिझाइन' टॅबमध्ये जाऊन एका क्लिकमध्ये निळ्याचं हिरवं करू शकतं. हे एवढं जमलं की एकाच फाइलचे चार रंग दाखवता येतात, काम एकदाच.

एक बारीक गोष्ट राहते आणि तीच फजिती करते. वर्ड तुमचं नाव आणि फाइलचं शीर्षक तिच्या गुणधर्मांत लपवून ठेवतं. गिऱ्हाईक पीडीएफ बनवतं, एचआर ती ब्राउझरमध्ये उघडतो, आणि वर टॅबवर उमेदवाराच्या नावाऐवजी 'ऑपरेटर टेम्प्लेट फायनल ३' झळकतं. माझ्या पहिल्या तीसेक फाइल अशाच गेल्या. विकण्याआधी 'फाइल' मेनूतल्या 'इन्फो'मध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा, शीर्षक आणि लेखकाची जागा रिकामी करा.

मराठी टेम्प्लेट बनवणार असाल तर

शाळा, सहकारी पतसंस्था, स्थानिक दवाखाना, ग्रामपंचायतीकडचं कंत्राटी काम, इथे मराठी बायोडाटा आणि सोबत अर्ज चालतो, बऱ्याच ठिकाणी तोच मागतात. स्पर्धा कमी आहे, पण अक्षरांचा ताप आहे.

युनिकोडच वापरा. डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या पद्धतीच्या फॉण्टमधल्या फाइल असतात. त्यांच्या संगणकावर मराठी दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मुक्ता, बालू २, टिरो देवनागरी मराठी, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉण्ट गूगल फॉण्ट्सवर फुकट आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरोचा मराठी अवतार बघा, छापल्यावर फार देखणा दिसतो. मात्र गिऱ्हाइकाच्या संगणकावर तो नसेल तर वर्ड दुसराच फॉण्ट बसवतं आणि ओळी हलतात. त्यामुळे 'सेव्ह'च्या पर्यायांत जाऊन फॉण्ट फाइलमध्येच बसवून द्या, आणि एक आवृत्ती विंडोजबरोबर येणाऱ्या निर्मला यूआयमध्येही द्या.

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉण्ट आणि आकार वेगळा साठवतं. वरच्या पट्टीत फॉण्ट बदलला की इंग्रजी बदलतं आणि मराठी ढिम्म, हा अनुभव सगळ्यांनी घेतलाय. स्टाइलच्या फॉण्ट खिडकीत दोन्ही खाने भरले की प्रश्न मिटतो. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका, त्याने रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. 'मल्टिपल' निवडून १.१५ किंवा १.२ ठेवा.

आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: मराठी फाइल छापून द्यायला आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला. पीडीएफमधून देवनागरी मजकूर कॉपी केला की वेलांट्या भलत्या जागी जातात, जोडाक्षरं फुटतात. पोर्टलवर चढवायला इंग्रजीच फाइल वापरायची.

आता मोडा

फाइल तयार झाली की तिच्याशी वैर धरल्यासारखं वागा. मी हे करतो.

शिक्षणाच्या जागी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर' टाकतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही लांबलचक असलेला माणूस टाकतो. मग उलट, काहीच अनुभव नसलेला नुकता पास झालेला मुलगा टाकतो आणि 'अनुभव' विभाग पूर्ण काढून टाकतो. पान अर्धं उघडं पडतं का? पडलं तर प्रोजेक्ट आणि प्रशिक्षणाचा विभाग मोठा करून दुसरी आवृत्ती बनवतो. मग सहा नोकऱ्या बदललेला माणूस. दुसरं पान सुरू झालं तर कुठे तुटतं ते पाहतो.

नंतर फाइल फोनवर. वर्डच्या ॲपमध्ये, डब्ल्यूपीएसमध्ये, गूगल डॉक्समध्ये. लॅपटॉप नसलेलं गिऱ्हाईक तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. शेवटी पीडीएफ बनवा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, फोन, शिक्षण, अनुभव त्याच क्रमाने आलं तर एटीएसलाही बहुधा वाचता येईल. तरीही जाहिरातीत 'शंभर टक्के एटीएस पास' असं लिहू नका. असलं प्रमाणपत्र कोणी देत नाही आणि सगळ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर एकसारखं नसतं. 'नोकरीची हमी' तर अजिबात नको, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होते.

मग घरातल्या एखाद्याला, शक्यतो संगणकाचा कंटाळा असलेल्याला, फाइल द्या आणि गप्प मागे उभे राहा. मदत करायची नाही. माझ्या आत्तेबहिणीने पहिल्या पाच मिनिटांत सूचनांची ओळच पुसली, कारण ती तिला मजकूर वाटली. तेव्हापासून सूचना वेगळ्या पीडीएफमध्ये जातात.

कॅनव्हा, फॉण्ट आणि दुसऱ्याचा माल

कॅनव्हावर टेम्प्लेट बनवून विकता येतं, पण डिझाइन तुमचं हवं. त्यांच्या तयार टेम्प्लेटचा रंग बदलून विकणं नियमात बसत नाही. विकायची ती टेम्प्लेटची लिंक, म्हणजे गिऱ्हाईक ती आपल्या खात्यात उघडतं. कॅनव्हाच्या 'प्रो' या पैसे भरायच्या भागातलं चित्र किंवा चिन्ह वापरलं तर फुकट खात्यावरच्या गिऱ्हाइकाला तिथे पैसे मागितले जातात, आणि शिव्या तुम्हाला पडतात. फुकट घटकांवरच भागवा.

फॉण्टचा परवाना वाचायची सवय लावा. गूगल फॉण्ट्सवरचे बहुतेक फॉण्ट मुक्त परवान्याखाली आहेत, धंद्यात वापरता येतात. फॉण्ट तेवढा वेगळा विकायचा नाही. 'वैयक्तिक वापरासाठी फुकट' असं लिहिलेला फॉण्ट दिसला की ती साइट बंद करा. नमुन्यातला फोटोही असाच कुठून तरी उचललेला नको. मी फोटोच्या जागी राखाडी चौकोन ठेवतो.

किंमत आणि पैसे घेणं

एका फाइलला ९९ ते १९९ रुपयांच्या मधे ठेवा. मी ४९ ने सुरुवात केली होती. ४९ वाली माणसं जास्त प्रश्न विचारतात, का ते देवाला ठाऊक. १४९ ला रेझ्युमे, कव्हर लेटर, तयार वाक्यं आणि मराठी व्हिडिओ असा संच दिला, तेव्हा विक्री घटली नाही.

पहिली दहा-पंधरा विक्री ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरून, थेट यूपीआयवर करा. त्यात एकच पथ्य: स्क्रीनशॉट पाहून फाइल पाठवायची नाही, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की पाठवायची. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स आहेत आणि १४९ रुपयांसाठीही लोक ती वापरतात. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. कॅटलॉग लावा, नेहमीची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा.

विक्री रोजची झाली की पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून खात्यात टाकणारी सेवा घ्या. रेझरपेसारख्या गेटवेचं पेमेंट पेज वेबसाइटशिवाय बनतं. शुल्क साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १४९ वर २ रुपये ९८ पैसे, त्यावर ५४ पैसे. हातात १४५ रुपये ४८ पैसे. यात कुरकुर करण्यासारखं काही नाही, रात्री दोन वाजता कोणी पैसे भरले तरी तुम्ही झोपलेले असता. स्वतःची साइट जोडायची असेल तर रिफंडचं धोरण, अटी, प्रायव्हसीचं पान आणि संपर्काचं पान आधी तयार ठेवा, खातं सुरू करताना गेटवेवाले ती तपासतात.

रिफंडबद्दल माझं मत असं की मागितला तर द्यावा. फाइल परत घेता येत नाही हे खरं, पण १४९ रुपयांसाठी तासभर वाद घालणं परवडत नाही.

झेरॉक्सवाल्यांसाठी वेगळा परवाना ठेवा. एका दुकानाला वीस टेम्प्लेटचा संच, किंमत हजार-दीड हजार, आणि तो आपल्या गिऱ्हाइकांना कितीही वेळा भरून देऊ शकतो. फक्त फाइल तशीच पुढे विकायची नाही. एक दुकान म्हणजे दहा किरकोळ गिऱ्हाइकं, आणि फोन एकच. तोही दुपारी दोन ते चारच्या मंदीत येतो.

दाखवायचं कसं

टेम्प्लेटचा तिरका, सावली पडलेला, कॉफीच्या कपाशेजारचा फोटो सगळे लावतात. त्यात एक अक्षर वाचता येत नाही. त्याऐवजी एका बाजूला गिऱ्हाईक आणतो तसा जुना कागद आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर आपल्या फाइलमध्ये, असं चित्र लावा. जुना कागद स्वतः बनवा. कोणा खऱ्या गिऱ्हाइकाचा रेझ्युमे नाव पुसूनसुद्धा लावू नका, कारण कंपनी आणि वर्षांवरून माणूस ओळखू येतो.

नावात लोक शोधतात ते शब्द टाका. आपल्याकडे 'सीव्ही' शोधणारे आहेत, 'रेझ्युम' आहेत, 'बायोडाटा फॉर जॉब' आहेत, आणि कामाचं नाव जोडून शोधणारे सर्वांत कामाचे. रीलमध्ये स्वतः नाचायची गरज नाही. स्क्रीन रेकॉर्ड करून एक वाईट ओळ सुधारून दाखवा, तीस सेकंदांत. 'सीएनसी डिपार्टमेंटमध्ये काम केले' ही ओळ बदलतानाचा माझा व्हिडिओ अजून गिऱ्हाईक आणतो. पैसे देऊन जाहिरात करायची तर आधी गणित करा: एका विक्रीमागे ७० रुपये जाहिरातीत गेले तर १४५ मधले ७५ उरतात, आणि एक फोन आला तर तेही गेले.

हंगाम पाहून तयारी ठेवा. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची धावपळ जुलै-ऑगस्टमध्ये कॅम्पस सुरू होताना असते. नोकरी बदलणारे मार्च-एप्रिलमध्ये बोनस आणि पगारवाढ हातात पडली की हलतात. शाळांच्या जागा उन्हाळी सुट्टीत निघतात.

फाइल पोचवणं

एका फोल्डरमध्ये वर्डची फाइल, गूगल डॉक्सची लिंक, सूचनांची पीडीएफ आणि व्हिडिओची लिंक. झिप करू नका, फोनवर झिप उघडताना निम्मी माणसं अडकतात. गूगल डॉक्सच्या लिंकच्या शेवटी इंग्रजीत 'एडिट' असतं, ते खोडून 'कॉपी' लिहा. मग गिऱ्हाइकाला थेट 'मेक अ कॉपी' चं बटण दिसतं आणि तुमची मूळ फाइल कोणी खराब करत नाही. हे कळेपर्यंत माझ्या मूळ फाइलमध्ये एका सांगलीकराने आपला पत्ता भरून ठेवला होता.

फाइल फुकट फिरणार, हे धरून चाला. हॉस्टेलमध्ये एकाने घेतली की चौघांकडे जाते. त्यामागे धावू नका. गिऱ्हाइकाने भरलेली फाइल मदतीसाठी तुमच्याकडे पाठवली असेल तर काम झाल्यावर ती पुसून टाका. त्यात माणसाचा फोन, पत्ता, जन्मतारीख सगळं असतं.

लग्नाचा बायोडाटा

टाळला तरी हा विषय येतोच. 'बायोडाटा' शब्द दिसला की अर्धे लोक लग्नाचाच मागतात. शेवटी बनवला, आणि तुळशीच्या लग्नानंतर तो नोकरीच्या रेझ्युमेला मागे टाकतो.

इथे सगळे नियम उलटे. वर श्री गणेश प्रसन्न, कडेने नक्षी, रंग हवेत, फोटो मोठा हवा, एटीएसची भीती नाही. खाने मात्र पूर्ण हवेत: जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी, देवक, कुलदैवत, उंची, रक्तगट, शिक्षण, नोकरी, मामांचं नाव-गाव, नातेसंबंधातली आडनावं, अपेक्षा. एखादा खाना पुसला तर भोक पडू नये. कोणाला पत्रिका बघायची नसते, कोणाला जात लिहायची नसते, त्यांच्यासाठी ती ओळ काढली की खालच्या ओळी सरळ वर आल्या पाहिजेत. 'रंग: गोरा' हा खाना मी ठेवत नाही. दोघांनी मागितला, त्यांनी स्वतः टाइप केला.

फोटोसाठी एका खान्याचं टेबल घाला, ओळीची उंची 'एक्झॅक्टली' करा आणि 'मजकुरानुसार आकार बदला' ही खूण काढा. मग कोणी कॅमेऱ्यातला भलामोठा फोटो टाकला तरी पानाची दाणादाण होत नाही.

परदेशी गिऱ्हाईक

सहा महिन्यांनी विचार करा, आधी नको. अमेरिकेत कागद ए-४ नसतो, लेटर असतो, साडेआठ बाय अकरा इंच, थोडा रुंद आणि बुटका. ए-४ ची भरगच्च फाइल तिथे दुसऱ्या पानावर सांडते. तिथे रेझ्युमेवर फोटो, वय, वैवाहिक स्थिती लिहीत नाहीत. आपल्याकडचं 'मी घोषित करतो की' तर त्यांना कोर्टाचा कागद वाटेल. एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारात प्रत्येक लिस्टिंगला, म्हणजे विक्रीला मांडलेल्या वस्तूला २० सेंट लागतात, चार महिने टिकते आणि विक्री झाली की पुन्हा २० सेंट. वर विक्रीवर साडेसहा टक्के, पेमेंटचं शुल्क वेगळं. एका लिस्टिंगला पाच फाइल, प्रत्येकी २० एमबीपर्यंत. गर्दी प्रचंड आहे. तिथे 'मिनिमल रेझ्युमे' घेऊन जाऊ नका, एखाद्या ठरावीक कामासाठीच बनवलेला माल न्या.

पेपॅलने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केलेत, पण परदेशातून पैसे घेता येतात.

कागदपत्रं आणि कर

सुरुवातीला पॅन, आधार आणि धंद्यासाठी वेगळं बचत खातं पुरे. घरखर्चाच्या खात्यात १४९-१४९ च्या जमा मिसळल्या की मार्चमध्ये डोकं फिरतं. पुढे चालू खातं काढायला बँक काहीतरी पुरावा मागते. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी हजार रुपये मागणाऱ्या एजंटच्या साइट वरच दिसतात, त्यांवर जाऊ नका. महाराष्ट्रात मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती बँकेतही चालते.

ऑनलाइन विकलेली फाइल जीएसटीत साधारणपणे सेवा धरतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही, गिऱ्हाईक बेळगावचं किंवा इंदूरचं असलं तरी. २० लाख म्हणजे १४९ च्या साडेतेरा हजारांच्या आसपास फाइल, तेव्हा त्यासाठी आत्ताच झोप उडवून घेऊ नका. आयकर मात्र लागू आहे. नोकरी करत असाल तर पगारात हे उत्पन्न मिळवून रिटर्न भरायचं. छोट्या धंद्यासाठीच्या अनुमानित योजनेत डिजिटल मार्गाने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवता येतो, पण या धंद्यात खर्च जवळजवळ नसतो, त्यामुळे खरा नफा जास्त असतो. तो किती दाखवायचा ते एकदा सीएला विचारा, ती फी सत्कारणी लागते.

वर्षातून दोनदा सगळ्या फाइल नव्याने उघडून बघा. वर्ड अपडेट होतं, फोनचं ॲप बदलतं, विद्यापीठांची नावं बदलतात. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष ठेवा, म्हणजे रात्री फोन आला की पहिला प्रश्न विचारता येतो: कुठल्या महिन्याची फाइल आहे? निळ्या पट्टीची असेल तर मी सरळ नवी पाठवून देतो.